रेघबाईची आठ मिनिटं

दूध केंद्राच्या खिडकीशी उभं राहिलं की आत तिचा फक्त उजवा हात दिसायचा. बाकीची ती भिंतीआड. त्या हातात कधी काचेची कुपी असे, कधी कागदाची पट्टी, कधी नुसतीच पेन्सिल. लोक तिला रेघबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वही वर्षातून एकदाच कुणीतरी उघडे.

लग्न तिने केलं नाही. धाकट्या भावाच्या घरात मागची खोली तिची होती. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "स्थळं आली होती की. पण एकाचीही रेघ ठळक निघाली नाही." आणि विचारणारा हसत असतानाच खिडकीचं दार ओढून घ्यायची.

तिचं काम दिसायला साधं होतं. सकाळी सहापासून कॅन यायला लागत. प्रत्येक कॅनमधले चार थेंब दूध ती बारक्या कुपीत घेई, कुपी एका गरम ठोकळ्याच्या खाचेत उभी करी, आणि तिच्यात बोटभर लांबीची पट्टी बुडवून आठ मिनिटं थांबे. पट्टीवर दोन तांबड्या रेघा उमटत. वरची रेघ कायमच उमटे, पट्टी धड आहे एवढंच सांगायला. खरी रेघ खालची. गाईला दुखण्यावर औषधाची सुई दिलेली असेल आणि ते औषध दुधात उतरलं असेल, तर खालची रेघ फिकी पडे. औषध जास्त असेल तर ती उमटतच नसे. म्हणजे दूध स्वच्छ तर रेघ आहे, दुधात औषध तर रेघ नाही. नव्या माणसाला हे उलटं वाटे. त्याला ती म्हणायची, "जे नाही ते बघायचं काम आहे इथं. जे आहे ते कुणीही बघतं."

विजेच्या दिव्याखाली ती पट्टी कधी वाचत नसे. खिडकीपाशी जाई, उजेडाकडे पाठ करी, पट्टी छातीच्या उंचीवर धरी आणि डोळे किंचित बारीक करी. फिकी आणि ठळक यांच्या मधे रंगाच्या जेवढ्या पायऱ्या असतील तेवढ्या तिला दिसत. वाचून झालं की पट्टी वहीत चिकटवून शेजारी आकडा लिही, 'दोन' किंवा 'एक'. 'एक' लिहिलेल्या कॅनचं दूध गटारात जाई. मग तो मालक समोर गयावया करो की शिव्या देवो, ती लिहिलेलं खोडत नसे.

तिच्या टेबलावर एक गजर होता. रस्त्याच्या पलीकडे कपाटाएवढ्या अरुंद दुकानात बसणाऱ्या घड्याळवाल्याने जुन्या चाकांमधून तो तिच्यासाठी जुळवून दिला होता. तबकडी आठावर फिरवली की टिकटिक करत शून्यावर येई आणि एकदाच ठण्णकन वाजे.

"दादा, दोनदा वाजायला काय झालं होतं त्याला?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"एकदा सांगून ज्याला कळत नाही त्याला दोनदा सांगून काय उपयोग?" घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला होता.

त्याला एक मुलगी होती. अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि त्यातली एक वेणी नेहमी सुटत आलेली. बायको लवकर गेलेली, त्यामुळे वेण्या बापच घालायचा. घड्याळाचे काटे सरळ करणाऱ्या हातांना दुसऱ्या वेणीपर्यंत काय होत असे कोण जाणे. ती रोज सकाळी झाकणाची किटली घेऊन खिडकीशी येई, टाचा उंच करी आणि विचारी, "मावशी, आज किती रेघा?"

"दोन."

"मग चालेल!" म्हणून किटली आत सरकवी.

तो खेळ नव्हता. चार वर्षांची असताना घसा दुखतो म्हणून तिला एक सुई दिली होती आणि घटकेत तिचे ओठ, डोळे, गळा सगळं सुजून आलं होतं. डॉक्टरांनी तिला कशीबशी परत आणली आणि बापाला बजावलं, की या जातीचं औषध हिच्या अंगात पुन्हा कधी जाता कामा नये, पोटातूनसुद्धा. गाईंनाही त्याच जातीचं औषध देतात हे कळल्यावर घड्याळवाल्याने गोठ्यावरचं दूध बंद केलं. तपासलेलं दूध मिळतं म्हणून तो केंद्रावरूनच घेई. रेघबाईला हे सगळं ठाऊक होतं.

ती सकाळ नऊ वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी पहिला कॅन रोजच्यासारखा तिच्या भावाचा आला. घर जवळ, म्हणून त्याचा पहिला नंबर, आणि पहिला कॅन टँकरमध्ये न जाता तिथेच खिडकीवर सुटा विकला जाई. तिने पट्टी बुडवली, तबकडी आठावर फिरवली. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दुसऱ्या केंद्रांवरचं दूध भरून आलेल्या टँकरची तोटी सुटून दूध रस्त्यावर वाहत होतं आणि ड्रायव्हर दोन्ही तळहात भोकावर दाबून ओरडत होता, "ताई, पळा, अख्खी नदी चालली!"

ती पळाली. लाकडी खुंटा कुठे ठेवलाय ते फक्त तिला माहीत होतं. खुंटा आणला, फडकं गुंडाळलं, ठोकला, सुटला, पुन्हा ठोकला. मधेच आतून ठण्ण ऐकू आलं. तिने ते ऐकलं. दोन्ही हात खुंट्यावर होते.

ती आत आली, हात धुतले, पट्टी उचलली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पट्टी बुडवून अठरा मिनिटं झाली होती.

नियम तिलाच सगळ्यांत जास्त पाठ होता. वेळ टळलेली पट्टी फेकायची, नवी बुडवायची, पुन्हा आठ मिनिटं थांबायचं. पण पट्टीवर दोन्ही रेघा होत्या. चांगल्या ठळक. दूध सख्ख्या भावाचं. आणि खिडकीशी टाचा उंच करून मुलगी उभी होती, शाळेची वेळ झालेली.

"मावशी, आज किती रेघा?"

"दोन," रेघबाई म्हणाली.

"मग चालेल!"

दहा वाजायच्या आत ती मुलगी गेली.

डॉक्टर म्हणाले, कशाने ते खात्रीने सांगता येत नाही. दूध असेल. शेजारणीने खोकल्यावर दिलेली गोळी असेल. एखादा किडा चावला असेल. दुसऱ्या दिवशी मोठ्या कचेरीतून एक तपासनीस आला, वही उघडली, त्या दिवसाची पट्टी पाहिली. दोन रेघा, समोर 'दोन', खाली सही. मान डोलावून निघून गेला. रेघबाईला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं ती स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिली.

केंद्राचा एक रिवाज होता. रोजच्या प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध बारक्या बाटलीत भरून विजेवरच्या बर्फाच्या पेटीत ठेवायचं. तिला साक्षीची बाटली म्हणत. पंधरा दिवस काही तक्रार आली नाही की बाटल्या ओतून धुऊन टाकायच्या. त्या दिवसाची भावाची बाटली ओतायची वेळ आली तेव्हा रेघबाईने ती हातात घेतली, आणि पेटीच्या तळाशी, बर्फ साचून दगड झालेल्या कोपऱ्यात सरकवून दिली. उद्या नवी पट्टी बुडवून बघू, म्हणाली. उद्या झाला, परवा झाला. पट्टी हातात घेतली की डोळ्यांसमोर आधीच दोन रेघा दिसायला लागत, कोऱ्या पट्टीवरसुद्धा. असल्या डोळ्यांनी काय वाचणार?

तीन महिन्यांनी एकदा जेवताना भाऊ बायकोपुढे फुशारकी मारत होता. "त्या वेळी गाईचं एक सड सुजलं होतं ना, मी काय येडा आहे सगळं दूध ओतायला? औषध भरलं एका सडात. त्याचं दूध टाकलं, बाकी तिन्हींचं घातलं केंद्रावर. ताईनं तपासलं, पास! थेंब वाया गेला नाही."

रेघबाईचा घास हातात राहिला. एका सडात भरलेलं औषध गाईच्या अंगात फिरतं आणि चारही सडांमधून उतरतं, हे शिकवायला केंद्राने सगळ्या मालकांना दोनदा बोलावलं होतं. भाऊ दोन्ही वेळा मागच्या बाकावर बसून गप्पा मारत होता.

"कधीची गोष्ट?" तिने विचारलं.

"कधीची काय... ते टँकर फुटला होता बघ, त्या आठवड्यातली." एवढं बोलून तो थांबला. त्याला काय कळलं, किती कळलं, ते त्याने कधी सांगितलं नाही. पाण्याचा तांब्या उचलून उठला. त्यानंतर त्या घरात टँकरचा विषय कुणी काढला नाही.

तेव्हापासून रेघबाई बदलली. तबकडी फिरवली की खुर्चीतून हलायची नाही. फोन वाजू दे, कुणी दारात पडू दे. ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून दमायचा आणि खिडकीत डोकं घालून म्हणायचा, "ताई, भूकंप झाला तरी बसूनच राहणार का?"

"राहणार."

"आणि छत पडलं तर?"

"तर पट्टीवर हात धरीन."

तो हसायचा. तिच्या तोंडावर हसू नसायचं, मग त्याचंही अर्ध्यावर विरायचं.

घड्याळवाल्याने दूध घेणं सोडून दिलं होतं. पण दुकान समोरच होतं. ती खिडकी उघडे तेव्हा तो फळ्या काढत असे. दोघं एकमेकांकडे बघत आणि दोघंही लगेच नजर खाली घेत. गजर एकदा बिघडला तर तिने तो दुरुस्तीला नेला नाही. टाचणीने खरवडून, तेल घालून आपणच चालू केला. रोज सकाळी, पहिला कॅन आला आणि पट्टी बुडवली की, खिडकीच्या खालच्या कडेशी दोन टाचा उचलल्याचा आवाज येई. चपलेचा रबर दगडावर घासतो तसा. ती मान वर करत नसे. मान वर केली तर तिथे कुणी नसणार, हे तिला माहीत होतं, आणि तेच तिला नको होतं. मग तो प्रश्न येई. तिच्या कानांत, रोज, त्याच आवाजात. या नऊ वर्षांत ती मुलगी वीस वर्षांची झाली असती, पण प्रश्न अकरा वर्षांचाच राहिला होता. रेघबाई तोंडातल्या तोंडात उत्तर देई, पट्टी वाचून जे असेल ते, आणि मगच पेन्सिल उचले.

दोन रेघा तिला कुठेही दिसत. दाराच्या चौकटीचे दोन खांब, कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या, रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही पोरीच्या दोन वेण्या. आणि प्रत्येक वेळी तिची नजर दुसऱ्या रेघेवर जाई, ती पुरेशी ठळक आहे का ते बघायला.

मग यंत्र आलं.

दोन हातांत मावेल एवढी पांढरी पेटी, पुढे पट्टी सरकवायची फट, वर काचेचा पडदा. ते बसवायला एक तरुण बाई आली होती, बोलकी, हसरी, खांद्याला अवजारांची पिशवी. आल्या आल्या तिने रेघबाईला मावशी करून टाकलं.

"मावशी, यात एक हिरवा दिवा आहे आणि एक बारका डोळा. दिवा रेघेवर उजेड टाकतो, रेघ थोडा उजेड पिते, उरलेला परत येतो. तो डोळा परत आलेला उजेड मोजतो. जितकी रेघ ठळक तितका उजेड कमी परत. मग खालची रेघ वरच्या रेघेच्या मानाने किती, त्याचा आकडा देतो. एकच्या वर आकडा, दूध स्वच्छ. एकच्या खाली, ओता."

"म्हणजे बाई आता घरी," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला.

"असं कसं? आधी लावा शर्यत. मावशींचा डोळा आणि ह्याचा डोळा."

शर्यत लागली. यंत्रवालीने आपल्या पिशवीतून दहा कुप्या काढल्या, कुठल्या दुधात औषध आहे, किती आहे, ते तिलाच माहीत. रेघबाई खिडकीपाशी उभी राहून पट्टी वाचे, पेन्सिलीने लिही. मग तीच पट्टी यंत्रात जाई. पहिली जुळली. दुसरी जुळली. सहाव्या पट्टीवरची रेघ ड्रायव्हरला, केंद्राच्या हिशेबनिसाला आणि स्वतः यंत्रवालीलाही ठळक वाटली. रेघबाई म्हणाली, "एक. खालची किंचित कमी आहे." यंत्राने शून्य पूर्णांक नऊ दशांश दाखवला.

"आई शप्पथ!" ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "ताई, तुम्ही खाता तरी काय?"

दहाच्या दहा जुळल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेघबाई मात्र खुर्चीवर बसली आणि पदराने मान पुसत राहिली. नऊ वर्षं तिने एक आडोसा जपून ठेवला होता, की त्या दिवशी कदाचित डोळ्यालाच नीट दिसलं नसेल, माणसाचा डोळा आहे, चुकतो. आता तोही गेला. डोळा चुकत नव्हता.

टाळ्यांच्या गडबडीत सहाव्या कुपीत पडताळणीसाठी बुडवलेली दुसरी पट्टी गरम ठोकळ्यात तशीच राहिली होती. यंत्रवालीच्या ते लक्षात आलं. "अरे, ही राहिलीच की. मावशी, हे बघून ठेवा, महत्त्वाचं आहे. उशीर झाला की कसं होतं ते." तिने पट्टी काढून समोर धरली. दोन रेघा होत्या. दोन्ही ठळक. "पट्टी ओली आहे तोवर रंग वर चढत राहतो. तेच दूध, त्याच दुधाची आठ मिनिटांची पट्टी नापास होती. ही वीस मिनिटांची पास दिसतेय. म्हणून तर या यंत्राची फट वेळ झाली की आपोआप वाचते. उशिरा वाचायची सोयच ठेवलेली नाही."

रेघबाईने ती पट्टी हातात घेतली. खिडकीपाशी गेली, उजेडाकडे पाठ केली, छातीशी धरली.

दुपारी टँकर गेला, केंद्र रिकामं झालं. बाहेर दोन हमाल जुनी बर्फाची पेटी न्यायला येऊन बसले होते, कारण यंत्राबरोबर नवी पेटीही आली होती. रेघबाईने त्यांना थांबवलं. गुडघ्यावर बसली, उलथण्याने कोपऱ्यातला बर्फ फोडला आणि बाटली बाहेर काढली. चिठ्ठीवरची शाई पसरली होती, पण तारीख कळत होती.

यंत्रवालीने तारीख वाचली. "मावशी, नऊ वर्षं? का ठेवलीत?"

"ओतायला हात धजला नाही. हिची पट्टी करायची आहे."

यंत्रवालीचं हसू मावळलं. तिने बाटली हातात फिरवली, मग सावकाश म्हणाली, "करू. पण आधी एक ऐका. ही औषधं बर्फातसुद्धा हळूहळू मरतात. आणि नऊ वर्षांत वीज किती वेळा गेली असेल, किती वेळा हे वितळून पुन्हा गोठलं असेल. आकडा एकच्या खाली आला तर खात्रीने समजा, त्या दिवशी दुधात औषध होतं. पण वर आला तर त्याचा अर्थ काहीच नाही. नव्हतं म्हणून नाही सापडलं, की होतं ते मेलं, हे यंत्र नाही सांगू शकत. कोणीच नाही."

"म्हणजे दोषी असेन तर सांगेल. नसेन तर नाही सांगणार."

"तसंच काहीसं."

"कर."

बाटली कोमट पाण्यात धरली. दूध सुटायला लागलं, आधी कडेने, मग मधला पांढरा गोळा गरगर फिरू लागला. वर सायीच्या कण्या तरंगत होत्या. यंत्रवालीने हलक्या हाताने ते ढवळलं, गाळलं, कुपीत घेतलं. पट्टी त्यात बुडवून फटीत सरकवली. पडद्यावर आठ मिनिटं उलटी मोजायला लागली.

रेघबाईने सवयीने गजराची तबकडीही फिरवली. खोलीत टिकटिक सुरू झाली. खिडकीच्या खालच्या कडेशी रबर दगडावर घासलं. दुपारी कधी येत नसे तो आवाज. या वेळी रेघबाईने मान वर केली. खिडकीत ऊन होतं, आणि उन्हापलीकडे घड्याळवाल्याचं दुकान. तो मान खाली घालून काहीतरी जुळवत होता.

ठण्ण झालं. त्याच क्षणी पडदा उजळला. एक पूर्णांक तीन दशांश.

यंत्रवालीने श्वास सोडला. "स्वच्छ दाखवतंय," म्हणाली, आणि लगेच, "पण मी म्हटलं तसं..."

"ऐकलंय मी." रेघबाईने बाटलीला झाकण लावलं. "काल मला जेवढं माहीत होतं तेवढंच आजही आहे."

तिने पदर खोचला आणि आधी घरी गेली. भाऊ गोठ्यात गाईच्या पाठीवर खरारा करत होता.

"घड्याळवाल्याकडे चालले आहे," ती म्हणाली.

खरारा थांबला. "कशाला?"

"पट्टी उशिरा वाचली होती ते सांगायला."

भावाने गाईच्या अंगावरून हात काढला नाही. "ताई, नऊ वर्षं झाली. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

"कुणाचंच नाही."

"मग?"

"त्याच्या पोरीनं मला रोज विचारलं आणि मी रोज खरं सांगितलं. एक दिवस सोडून. तो एक दिवस त्याचा आहे, माझ्यापाशी राहिलाय."

भावाने खरारा दावणीवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "तीन सडांचं सांगणार का?"

"ते तुझं आहे. तू सांग. मी माझं सांगेन."

घड्याळवाल्याच्या दुकानात एका माणसाला बसायला स्टूल होतं. ती बसली नाही. भिंतीवरची पंधरावीस घड्याळं पंधरावीस निरनिराळ्या वेळा दाखवत होती. त्याने भिंग डोळ्यावरून काढलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघांपैकी कुणीच नजर खाली घेतली नाही.

"दादा, त्या दिवशीची पट्टी मी आठ मिनिटांनी वाचायची ती अठरा मिनिटांनी वाचली. टँकर फुटला होता. उशिरा वाचली की रेघ खोटी असू शकते. मला माहीत होतं. नवी पट्टी बुडवायला हवी होती. नाही बुडवली. ती समोर उभी होती, तिला दोन म्हणून सांगितलं."

मग त्याने जे विचारलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"गजर बंद पडला होता का?"

"नाही दादा. तुमचा गजर वेळेवर वाजला. मीच तिथे नव्हते."

त्याने डोळे मिटले. हातातला बारीक चिमटा खाली ठेवला, फार सांभाळून, जसा काही तो काचेचा होता. "नऊ वर्षं मला वाटत होतं, गजर मागे पडला असेल. मी दिलेला. तुम्ही दुरुस्तीलाही आणला नाहीत कधी. म्हटलं, बाईला कळलंय आणि बोलत नाही."

रेघबाईने नाही म्हणून मान हलवली.

"दूध होतं का ते तसलं?" त्याने विचारलं.

"आज यंत्रात घातलं. कळत नाही. आता कधीच कळणार नाही."

एक घड्याळ वाजलं, मग दुसरं. कुठलंच बरोबर नव्हतं.

"त्या दिवशी तिला दूध नको होतं," तो म्हणाला. "पोटात कसंतरी होतंय म्हणाली. मी विचारलं, रेघा किती? म्हणाली, दोन. मग मी म्हटलं, दोन आहेत ना, मग पी. उभा राहून पाजलं." त्याने भिंग पुन्हा डोळ्यावर चढवलं. काचेमागचा तो डोळा फार मोठा दिसत होता. "जा आता बाई. मला काम आहे."

ती गेली. माफ केलं की नाही, हे तो बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. बाटलीचं पुढे काय केलं, तेही तिने कुणाला सांगितलं नाही. नव्या पेटीत ती नाही एवढं हिशेबनीस सांगतो. भाऊ अजून त्या दुकानाची पायरी चढलेला नाही. त्याच्या कॅनचा नंबर मात्र आता पहिला नसतो. सगळ्यांच्या शेवटी येतो, आणि पट्टी होईपर्यंत तो बाहेर पाठमोरा उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कॅन आला. रेघबाईने पट्टी दुधात बुडवून यंत्राच्या फटीत सरकवली, पडद्यावर आठाचा आकडा उमटला. खिडकीच्या खालच्या कडेशी पावलं वाजली. तिने मान वर केली. घड्याळवाला उभा होता. हातात किटली नव्हती. डाव्या मनगटावरचं घड्याळ त्याने उजेडात धरलं होतं आणि एकदा काट्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होता.

आठ मिनिटं तो तसाच उभा राहिला. आकडा आला. त्याने मनगट खाली केलं.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन," ती म्हणाली. यंत्र रेघा मोजत नाही, आकडा देतं, तरी तिच्या तोंडी तेच आलं.

त्याने मान डोलावली आणि दूध न घेता रस्ता ओलांडून गेला. त्यालाही आता बरेच दिवस झाले. तो रोज येतो, आजारी असला तरी येतो. यंत्राची वेळ सेकंदाचीही चूक करत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं असणार. तरी मनगट उजेडात धरतो. आणि तो खिडकीशी दिसल्याशिवाय रेघबाई पहिली पट्टी बुडवत नाही. टँकर भोंगा वाजवत राहतो.

टाचांचा तो आवाज अजून येतो का, असं एकदा ड्रायव्हरने तिला विचारलं. त्याला ती गोष्ट तिनेच कधीतरी सांगितली होती. ती पट्टी वहीत चिकटवत होती.

"येतो," म्हणाली. "पण आता दोघं ऐकतो."